झाली दहा, राहिली चार

बालाघाटाच्या आमच्या डोंगरपट्ट्यात म्हाताऱ्या बाईला लेकरं किती म्हणून विचारलं की उत्तरात दोन आकडे यायचे. "झाली दहा, हायेत चार." विचारणारीही आपले दोन आकडे सांगायची आणि मग बोलणं ज्वारीच्या राशीवर नाहीतर सुनेच्या माहेरावर वळायचं. एकच आकडा सांगून थांबणाऱ्या बाया पुढं आत्याच्या पिढीत दिसू लागल्या. १९२७च्या सुमारास जगात २०० कोटी माणसं होती आणि १५ नोव्हेंबर २०२२ रोजी संयुक्त राष्ट्रांनी ती ८०० कोटी झाल्याचं जाहीर केलं. एका आयुष्याच्या अंतरात माणसं चौपट झाली. हे कसं झालं याचा इतिहास लिहायचा तर मी तो आजीच्या त्या दोन आकड्यांपासून लिहीन. वाढीचं खापर सर्रास भाराभर लेकरं जन्माला घालणाऱ्या बायांवर फोडलं जातं. मी त्या बायांच्या मांडीवर वाढले. त्यांनी आपल्या आज्यांपेक्षा जास्त लेकरं जन्माला घातली नव्हती. त्यांची जगायला लागली, एवढाच फरक.

आमचं गाव पाटोदा तालुक्यात, जामखेडच्या शिवेला लागून. अलीकडं निजामाचं राज्य, पलीकडं इंग्रजांचा नगर जिल्हा. मांजरा नदी याच डोंगरात उगम पावते, पण उगमाजवळच्या गावांना तिचं पाणी पावसाळ्यापुरतंच. आजीला सन ठाऊक नव्हते. तिचं सगळं पंचांग आपत्तींचं होतं. मानमोडीचं साल, पटकीचं साल, रझाकारांचं साल. अमक्याचं लग्न पटकीच्या आदल्या वर्षी, तमक्याची विहीर रझाकारांच्या मागून. मी शाळेत गेल्यावर तिच्या या सालांना इसवी सन लावायचा नाद लागला आणि त्या नादातच मला पुष्कळ काही कळलं.

ती स्वतः मानमोडीच्या सालची, म्हणजे १९१८ची. त्या जूनमध्ये मुंबई बंदरातून इन्फ्लुएन्झा शिरला. पहिली लाट त्यातल्या त्यात सौम्य होती. ऑक्टोबरच्या सुमाराला दुसरी आली ती गावंच्या गावं झोपवत. त्या वर्षी पावसानंही दगा दिला होता, ज्वारी मिळेना, अंगात त्राण नाही अशा माणसांना ताप गाठायचा. मान आणि कंबर मोडून माणूस पडायचा आणि दोन-तीन दिवसांत कारभार आटोपायचा. तरणीताठी माणसं अधिक गेली, त्यातही बाया अधिक. एकट्या हिंदुस्थानात सव्वा कोटीपासून दोन कोटींपर्यंत माणसं गेली असे अंदाज आहेत. जगात इतकी माणसं दुसऱ्या कुठल्याच देशात गेली नाहीत.

आजीच्या घरातून एका आठवड्यात तिची आई, दोन भाऊ आणि एक काका गेले. पहिल्या दोघांना अग्नी मिळाला. पुढच्यांच्या वेळी सरपण संपलं होतं आणि खांदा द्यायला उभी राहतील अशी माणसंही नव्हती. ओढ्याकाठी खड्डे करून त्यांना पुरलं. आजी तेव्हा अंगावर पिणारी. तिच्या चुलतीचं तान्हं त्याच आठवड्यात गेलेलं, तिला पान्हा होता. "तिचं लेकरू गेलं, मही माय गेली. म्हणून आम्ही दोघी एकमेकीच्या झालो," असं आजी सांगायची. चुलतीला ती शेवटपर्यंत माय म्हणत होती.

१९२१च्या शिरगणतीत या सगळ्याची नोंद दोन आकड्यांत आहे. १९११ला देशात सुमारे २५.२ कोटी माणसं होती, दहा वर्षांनी २५.१ कोटी. शिरगणती सुरू झाल्यापासून दहा वर्षांत माणसं कमी झाली अशी तेवढी एकच वेळ. त्यानंतर आकडा कधी खाली आला नाही. लोकसंख्येचे अभ्यासक १९२१ला मोठी दुभागणी मानतात. आजी त्या दुभागणीच्या उंबऱ्यावर जन्मली होती. आयुष्याचा पहिला अर्धा भाग तिनं अलीकडच्या जगात काढला आणि उरलेला पलीकडच्या.

अलीकडचं जग कसं होतं ते तिच्या बाळंतपणांवरून सांगते. तिचं लग्न तेराव्या वर्षी झालं. पहिली मुलगी सातव्या दिवशी गेली. पाचवीला सटवी पुजलेली, कपाळी काय लिहायचं ते तिनं लिहिलेलं, आणि दोन दिवसांत लेकरू अंग आखडून, जबडा मिटून निळं पडलं. सटवीनं नेलं, असं म्हणून सगळे गप्प बसले. नाळ घरातल्या विळ्यानं कापली होती आणि वर चुलीतली राख दाबली होती, सगळ्याच घरांत तसंच करायचे. तो धनुर्वात होता हे आजीला पन्नास वर्षांनी एका नर्सबाईनं समजावून सांगितलं. आजी तिला परत परत विचारत होती, "विळा उकळून घेतला असता तर वाचली असती?" नर्सबाई तरुण होती. ती खोटं बोलली नाही. हो म्हणाली. त्या रात्री आजी जेवली नाही. भारतातून माता आणि नवजात बालकांचा धनुर्वात हटल्याचं जागतिक आरोग्य संघटनेनं मान्य केलं ते २०१५ साली.

दुसरा मुलगा तीन वर्षांचा होऊन देवीत गेला. तिसऱ्याच्या वेळी घरानं सगळे उपाय केले. जन्मल्या जन्मल्या त्याला उकिरड्यावर ठेवलं, शेजारणीनं तो उचलला आणि मूठभर कोंड्याच्या बदल्यात आजीला परत विकला. नाव ठेवलं दगडू. मृत्यूनं दारात यावं, दगडाला कोण नेणार म्हणून माघारी जावं, अशी त्यामागची विनवणी. जुन्या खातेपुस्तिकांत आणि मतदारयाद्यांत हे दगडू, धोंडू, केरू, उकिरडा, नाक टोचलेले नथू आजही पानोपानी भेटतात. शहरात वाढलेल्या माणसाला या नावांचं हसू येतं. मला येत नाही. प्रत्येक दगडूच्या आधी त्या घरात एक-दोन खड्डे खणलेले असतात.

दगडूकाका जगले. पुढं एक मुलगी गोवरानं गेली. मग अण्णा, म्हणजे माझे वडील, जगले. रझाकारांच्या साली, १९४८च्या उन्हाळ्यात, आजी चार लेकरं घेऊन रात्रीतून शीव ओलांडून जामखेडकडं गेली. तिकडं झाडाखाली राहताना हगवणीनं कडेवरचं एक गेलं. सप्टेंबरात पोलीस ॲक्शन होऊन निजामाचं राज्य गेलं, आजी घरी आली आणि पुढच्या वर्षी पुन्हा बाळंत झाली. "मन लागतंय का गं तेवढ्या लवकर?" असं मी तिला न्हात्याधुत्या वयात विचारलं होतं. ती म्हणाली, "मन लागायला कुठं थांबायचं माय? शेतात हात पाह्यजे, म्हातारपणी भाकर पाह्यजे. चार जगवायची तर दहा करावी लागत्यात." हा तिचा हिशेब होता आणि तो चुकीचा नव्हता. स्वातंत्र्य मिळालं तेव्हा या देशात माणसाचं सरासरी आयुष्य ३२ वर्षांच्या आसपास होतं. जगात हजारो वर्षं बाया याच हिशेबानं बाळंत होत आल्या आणि म्हणूनच लोकसंख्या शतकानुशतकं जागच्या जागी घुटमळत राहिली. १८०४च्या सुमारास ती पहिल्यांदा १०० कोटींवर पोचली, ही मजल मारायला माणसाला सगळा इतिहास लागला होता.

मग पलीकडचं जग आलं, ते सायकलवर बसून आलं. देवी डॉक्टर यायचे. लोक त्यांना डॉक्टरच म्हणत, प्रत्यक्षात ते लस टोचणारे कर्मचारी. त्यांची चाहूल लागली की आज्या नातवंडांना ज्वारीच्या कणगीत लपवायच्या. माझ्या दंडावर त्यांनी केलेले दोन वण आहेत. मलेरियावाले पाठीवर पंप घेऊन यायचे, डीडीटी मारायचे आणि घराच्या भिंतीवर तारीख टाकून जायचे. आमच्या पडवीत गेरूच्या त्या तारखा एकाखाली एक अशा कितीतरी वर्षं होत्या, आजी त्यावरून पोतेरं फिरवू देत नव्हती. पुढं चावडीच्या भिंतीवर, देवीचा रोगी कळवणाऱ्याला हजार रुपये बक्षीस, असं लिहिलं गेलं. हजार रुपयांत तेव्हा बैलजोडी येत होती. बक्षीस आमच्याकडं कोणाला मिळालं नाही, कारण रोगीच उरला नव्हता. १९७५च्या मे महिन्यानंतर भारतात देवीचा रोगी सापडला नाही. तीन हजार वर्षं माणसाच्या मागं लागलेला रोग माझ्या प्राथमिक शाळेच्या दिवसांत गेला, याचं मला अजूनही नवल वाटतं आणि ते कमी झालं पाहिजे असं वाटत नाही.

म्हणजे आकडे फुगले ते असे. लेकरं पूर्वीइतकीच होत राहिली, जाणं मात्र थांबत गेलं. १९५१ला ३६ कोटी असलेला देश २०११ला १२१ कोटींवर गेला. जगाच्या लोकसंख्यावाढीचा वेग १९६०च्या दशकात सर्वांत जास्त होता, वर्षाला दोन टक्क्यांच्या वर. नेमकं तेव्हाच, १९६८मध्ये, अमेरिकेत पॉल एर्लिक यांचं पुस्तक आलं. दिल्लीतल्या एका गर्दीच्या रस्त्यावरून टॅक्सीनं जाताना वाटलेल्या भयापासून ते सुरू होतं आणि आता दुष्काळात कोट्यवधी माणसं मरणार असं बजावतं. चार वर्षांनी आमच्याकडं खरोखरच दुष्काळ पडला.

बहात्तरच्या दुष्काळात मी आठ वर्षांची होते. आई आणि आजी पाझर तलावाच्या कामावर जायच्या, मी धाकट्या भावाला घेऊन बाभळीच्या सावलीत बसायची. खडी फोडताना दगडाची कपची उडून आजीच्या भुवईला लागली, तिथं पुढं केस आले नाहीत. दुपारी सुकडी मिळायची. गोडसर, भाजलेल्या पिठाचा वास असलेली, घशाला चिकटणारी. घरी अमेरिकेतून आलेल्या लाल मिलोची भाकरी, ती गरम असेतो खायची, निवली की चामड्यासारखी. जनावरं मेली, विहिरींचे तळ दिसले. माणसं हाडकली, पण आमच्या गावात भुकेनं कोणी मेलं नाही. १९७३च्या उन्हाळ्यात राज्यात दुष्काळी कामांवर पन्नास लाखांच्या घरात मजूर होते. त्याच अनुभवातून पुढं रोजगार हमीचा कायदा झाला.

आजीला तिच्या आजेसासूनं सांगितलेला दुष्काळ वेगळा होता, १८७६ ते ७८चा. तेव्हा दख्खनमध्ये माणसं आजच्यापेक्षा कितीतरी थोडी होती आणि तरी लाखो मेली. रेल्वेनं धान्य बंदराकडं जातच होतं. दुष्काळी कामावरच्या मजुराला दिवसाकाठी मिळणारं धान्य काटकसरीसाठी घटवण्यात आलं होतं. १९७१च्या शिरगणतीनुसार महाराष्ट्रात पाच कोटी माणसं होती आणि ती वाचली. भुकेचा हिशेब नुसत्या डोक्यांवर बांधता येत नाही, हे मला, माणसं अन्नापेक्षा वेगानं वाढतात म्हणणाऱ्या माल्थसचं नावही माहीत नव्हतं तेव्हा, खडीच्या ढिगावर कळलेलं आहे. ते पुसून टाकणारं पुस्तक मला अजून भेटलेलं नाही.

आणि तरीही दहा बाळंतपणं ही बाईच्या देहाची माती होती. हे ज्यांना सर्वांत आधी कळलं त्यांत रघुनाथ धोंडो कर्वे होते. त्यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं ते १९२१ साली, म्हणजे देशाची माणसं कमी झाल्याची नोंद झाली त्याच वर्षी. देशाच्या डोक्यांची संख्या हा त्यांचा मुख्य प्रश्न नव्हताच. बाईला कधी आणि किती वेळा आई व्हायचं हे तिला ठरवता यावं, हा होता. त्यासाठी त्यांनी प्राध्यापकी गमावली, 'समाजस्वास्थ्य' मासिक १९२७पासून मरेपर्यंत चालवलं, अश्लीलतेचे खटले अंगावर घेतले. कर्व्यांचा हा रस्ता सरकारनं पुढं नेला असता तर आमच्या गावानं १९७६ साल पाहिलं नसतं.

अण्णा प्राथमिक शिक्षक होते. त्या वर्षी प्रत्येक मास्तराला, तलाठ्याला, ग्रामसेवकाला नसबंदीच्या 'केसेस' ठरवून दिल्या होत्या. इतक्या केसेस आणा, नाहीतर पगार नाही. आमच्या घरी दोन महिने पगार आला नव्हता. संध्याकाळी जीप दिसली की गावातले बाप्ये डोंगरात झोपायला जायचे, बाया दारं लावून आत अंधारात बसायच्या. बायको वारलेला, साठी उलटलेला एक धनगर बाजारातून येताना उचलला गेला. त्याला एक डबा तूप आणि थोडे पैसे मिळाले. तो ते तूप घरी न नेता देवळाच्या पायरीवर ठेवून निघून गेला. अण्णांनी त्यानंतर कोणाच्या दारात जायचं बंद केलं. एक दिवस सकाळी ते स्वतः शिबिरात गेले आणि आपलीच केस देऊन आले. तेव्हा ते छत्तिशीचे होते.

आजी त्यांच्याशी कित्येक दिवस बोलली नाही. बोलली तेव्हा ओसरीवर सगळ्यांदेखत म्हणाली, "दोन लेकरं हायेत तुला. दोन्ही जगतील म्हणून सरकार कागदावर लिहून देतंय का?" अण्णांनी मान खाली घातली. मला वाटतं, लोकसंख्येच्या धोरणावर याहून मोठा प्रश्न कोणी विचारलेला नाही. ज्या बाईनं सहा पुरली, तिला तुम्ही दोनावर थांब म्हणता, तर आधी ती दोन जगवायची हमी द्या. १९७६-७७ या एका वर्षात देशात ८० लाखांवर शस्त्रक्रिया झाल्या, त्यातले ६२ लाख पुरुष होते. महाराष्ट्राच्या विधिमंडळानं तर सक्तीच्या नसबंदीचं विधेयकच मंजूर केलं होतं. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून तो कायदा झाला नाही. पण जे तुटायचं ते तुटलं. पुढची काही वर्षं आमच्याकडं बाया लेकरांना साधं इंजेक्शन टोचू द्यायला तयार नव्हत्या. पुरुषांच्या शस्त्रक्रियेचं कोणी नावच काढेना आणि सगळा भार बायकांच्या पोटावर आला. २०१९ ते २१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या विवाहित बायकांपैकी जवळजवळ ३८ टक्के शस्त्रक्रिया झालेल्या आहेत, पुरुषांचा आकडा अर्ध्या टक्क्याहूनही खाली. दोन लेकरांच्या मधल्या अंतराची, गोळ्यांची, तांबीची गोष्ट कोणी तिच्याशी नीट बोललंच नाही. बावीस-तेविसाव्या वर्षी दोन मुलं, शस्त्रक्रिया, मोकळी.

हमी देणारे शिवेपलीकडं होते. १९७० साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे जामखेडला आले. माझी आत्या त्याच तालुक्यातल्या गावात दिलेली, म्हणून हे मी तिच्या तोंडून ऐकलेलं. आरोळ्यांनी गावोगावच्या बाया निवडल्या, त्यांतल्या पुष्कळ दलित, परित्यक्ता, एक अक्षर न वाचलेल्या. त्यांना बाळंतपण, नाळ, हगवण, लसी शिकवल्या आणि गावात परत पाठवलं. दुष्काळात हातपंप पाडले तेही दलित वस्त्यांत, म्हणजे पाण्याला सगळ्यांनी तिथं यावं. आत्याच्या गावची आरोग्यसेविका पहिल्यांदा तिच्या दारात आली तेव्हा सासूनं तिला ओसरीवर घेतलं नाही. आत्याच्या पहिल्या मुलाला हगवण लागली त्या रात्री हीच बाई मीठ-साखरेचं पाणी चमच्याचमच्यानं पाजत पहाटेपर्यंत बसली. दिवस उजाडला तेव्हा ती चुलीपाशी बसून चहा पीत होती आणि सासू तिच्यासाठी भाकरी टाकत होती. त्या भागात १९७१ला हजार जन्मांमागं १७६ तान्ही दगावत होती, पाच-सहा वर्षांत तो आकडा पन्नाशीच्या आसपास आला. त्याच वर्षांत कुटुंबनियोजन करणारी जोडपीही झपाट्यानं वाढली, जीप न येता. आत्याला तीन झाली, तिन्ही आहेत. लेकरं किती म्हटलं की ती "तीन" म्हणते आणि थांबते.

पुढं हे सगळीकडं होत गेलं. महाराष्ट्रात आता बाईमागं सरासरी दोनाहून कमी मुलं आहेत, देशातही आकडा दोनावर आला. दक्षिण कोरियात तो एकाच्याही खाली गेला. माझ्या मुलीनं एकावरच थांबायचं ठरवलंय आणि तिला कुणी कारण विचारलेलं नाही. १९८० ते २०१५ चीननं एक मूल सक्तीचं केलं. आता तिथं तीनला परवानगी आहे, पण बायकांना नको आहेत. संयुक्त राष्ट्रांच्या २०२४च्या अंदाजानुसार जगाची लोकसंख्या २०८०च्या दशकात १,०३० कोटींच्या आसपास टेकून उतरू लागेल. नायजरसारख्या देशांत आजही बाईमागं सहा-सहा लेकरं आहेत आणि तिथल्या बाया मला परक्या वाटत नाहीत. त्या माझ्या आजीचाच हिशेब करत आहेत.

एक गोष्ट मात्र फार वाईट झाली आणि ती आमच्याच जिल्ह्यात झाली. लेकरं दोनच हवीत हे पटलं, पण त्यातला एक मुलगाच हवा हा हट्ट सुटला नाही. सोनोग्राफी आली. गर्भलिंग तपासणीवर देशात पहिला कायदा महाराष्ट्रानं १९८८ला केला, तरी २०११ला बीड जिल्ह्यात सहा वर्षांखालच्या हजार मुलांमागं ८०७ मुली उरल्या होत्या. माझ्या आजीनं मुलगी झाली म्हणून नाक मुरडलेलं मी पाहिलंय. पण आलेलं लेकरू, मग ते कोणतंही असो, जगवायला ती रात्र रात्र जागत होती. या बाबतीत आमच्या शिकलेल्या पिढीनं तिच्यापुढं उभं राहायची लाज वाटावी असं केलं आहे.

आता जमीन आणि पाणी. आजीच्या सासऱ्याला कोरडवाहू चाळीस एकर होती. जगलेल्यांची संख्या वाढली तशा वाटण्या होत गेल्या आणि माझ्या चुलतभावांकडं आज प्रत्येकी दोन-अडीच एकर आहे. राज्याचंही हेच चित्र, १९७०-७१ला सरासरी खातं सव्वाचार हेक्टरचं होतं, २०१५-१६ला जेमतेम १.३४ हेक्टरचं. बांधावरची बोर, हिवर, लिंब सावली नडते म्हणून तोडली गेली, गायरानं नांगराखाली गेली, डोंगरावरचं गवत आठ महिने पुरायचं ते दिवाळीलाच संपायला लागलं. माणसांच्या संख्येचा भार जमिनीवर पडतो, तो मी नाकारणार नाही. आमच्या डोंगराची साल निघालेली मी डोळ्यांनी पाहिली आहे.

पण पाण्याची गोष्ट इतकी सरळ नाही. गावाच्या आडावर मोट चालायची तोवर पाणी पंधरा-वीस हातांवर होतं. बैल जितकं ओढतील तितकंच निघायचं आणि रात्री आड पुन्हा भरायचा. मग ऑइल इंजिन आलं, वीज आली, बोअरचं मशीन आलं. पाचशे फुटांच्या खालचं, कधीकाळी मुरलेलं पाणी वर यायला लागलं. ते पाणी माणसांनी पिऊन संपवलं नाही. राज्यात लागवडीच्या जमिनीच्या फार लहान तुकड्यावर ऊस आहे आणि सिंचनाच्या पाण्यातला निम्म्याहून मोठा वाटा तो घेतो. २०१६ला लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, त्या वर्षीही मराठवाड्यात कारखाने चालले होते. जगाचंही असंच आहे. सरासरी अमेरिकी माणूस वर्षाला सुमारे १४ टन कार्बन डायऑक्साइड हवेत सोडतो, भारतीय सुमारे २ टन. आमच्या भावकीतला एकजण ह्यूस्टनला असतो. त्याच्या चौघांच्या घराला आणि तीन गाड्यांना मिळून जन्मभरात जितकं जळण लागतं तितकं आजीच्या दहा लेकरांनी, सगळी जगली असती तरी, जन्मभरात जाळलं नसतं. पृथ्वीवरचा भार मोजायचा तर डोकी मोजून भागणार नाही, प्रत्येक डोक्यामागचं ओझं मोजावं लागेल.

दोन-अडीच एकरांत घर भागत नाही, म्हणून दसरा झाला की आमची माणसं ऊस तोडायला निघतात, सांगली-कोल्हापूरकडं, कर्नाटकात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो आणि एकट्याला कोयता मिळत नाही, म्हणून पोरीपोरांची लग्नं लवकर उरकतात. बाया दिवस राहिले असताना मोळ्या वाहतात. २०१९ला सरकारी समितीच्या कामात बीड जिल्ह्यातल्या ८२ हजारांवर ऊसतोड बायकांची पाहणी झाली, त्यातल्या तेरा हजारांहून जास्त जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. मूल कधी व्हावं हे बाईला ठरवता यावं म्हणून कर्वे झगडले त्याला शंभर वर्षं होत आली होती.

माझ्या चुलतभावाची सून गावात आशा, म्हणजे सरकारी आरोग्यसेविका आहे. मागच्या दसऱ्याला मी गावी होते तेव्हा ती ट्रॅक्टर भरायच्या आधी वस्तीवर गेली, म्हणून मीही तिच्याबरोबर गेले. भांडी, गोधड्या, कोंबड्यांचं खुराडं, शेळी, सगळं चढत होतं. ती एकेका बाईला गाठून लसीकरणाचं कार्ड बघत होती. सहा आठवड्यांचा डोस झालेला, दहा आठवड्यांचा कोपीवर, म्हणजे तिकडच्या उसाच्या फडाजवळच्या झोपडीत असताना येणार. ती वहीत लेकराचं नाव, पुढच्या डोसची तारीख, मुकादमाचा फोन आणि टोळी उतरणार त्या गावच्या आशाचा फोन लिहून घेत होती. त्या आशा तिनं एकेक करून शोधून काढल्या आहेत, एकीला ती कधी भेटलेलीही नाही. दिवस राहिलेल्या बायांची यादी वेगळ्या पानावर. "तिकडच्या ताईला मी आठवड्याला फोन लावते आत्याबाई. न्हाई लावला तर डोस चुकतोय," ती म्हणाली. हे काम तिला कोणी सांगितलेलं नाही आणि त्याचा एक पैसा तिला मिळत नाही. तो मिळायला हवा, आणि टोळ्या जातात त्या प्रत्येक गावातून अशी वही निघायला हवी.